आगमनकाळातली घरची प्रार्थना : गोव्यात नव्यानं संसार मांडलेल्यांसाठी

सगळ्यात आधी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा आणि नाताळापासून मागे चार रविवार मोजा. चौथ्यावर बोट येईल तो आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाची वाट पाहण्याच्या काळाचा, पहिला रविवार. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला येतो, २०२७ मध्ये २८ नोव्हेंबरला. संत आंद्रियाचा सण ३० नोव्हेंबरला असतो, त्याच्या सगळ्यात जवळचा रविवार धरायचा, हा मूळ नियम. त्यामुळे पहिला रविवार २७ नोव्हेंबरच्या आधी कधी येत नाही आणि ३ डिसेंबरच्या पुढे जात नाही. काळही त्याप्रमाणे कमीजास्त होतो, कधी पुरे २८ दिवस तर कधी २२च. नाताळ सोमवारी आला की चौथा रविवार २४ डिसेंबरलाच पडतो. २०२३ साली तसं झालं होतं, २०२८ साली पुन्हा होणार आहे. अशा वर्षी शेवटच्या आठवड्यासाठी काही राखून ठेवू नका, कारण तो आठवडाच नसतो.

तारखेपासून सुरुवात केली, कारण गोव्यात नवा माणूस पहिला इथेच चुकतो. जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, २४ नोव्हेंबरला सुरू होतात, ३ डिसेंबरला फेस्त, म्हणजे सण. मग पाचच दिवसांनी, ८ तारखेला, पणजीच्या चर्चचं निष्कलंक मातेचं फेस्त. घरात पाहुणे, पोरांना जत्रेतल्या खाज्याची घाई, दुकानांत कागदी नक्षत्रं टांगलेली. या गर्दीत आगमनकाळ मागच्या दारानं येऊन बसतो. आम्ही म्हापशाला आलो त्या वर्षी मला तो थेट दुसऱ्या रविवारी आठवला, चर्चमध्ये मिस्सेला फादरांच्या अंगावर आगमनकाळाचं जांभळं वस्त्र दिसलं तेव्हा.

माझं माहेर वसईचं. तिथे मिस्सा मराठीत, गाणी मराठीत, रोझरीची जपमाळ मराठीत. इथल्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, सगळं कोकणीत, आणि पुस्तकातली कोकणी रोमी लिपीत. पहिली काही वर्षं मी गाण्याच्या दोन ओळी मागे असायची. आता जमतं, पण प्रार्थना आतून येते ती मराठीतच. नव्यानं आलेली कितीतरी मराठी कुटुंबं मला सांगतात, 'इथे मराठीत प्रार्थना म्हणजे परकं वाटतं हो.' त्यांना मी एवढंच सांगते की फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटानं ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत याच गोव्यात बसून रचली, आणि ते ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. तेव्हा संकोच सोडा. इगर्जीत कोकणी म्हणा, घरात मराठी म्हणा, पोरं शाळेतून इंग्रजी आणतील ती पण चालवून घ्या.

वेळ आधी, बाकी सगळं मागून

मेणबत्त्या, पुस्तकं, गाणी हे नंतर बघू. आधी रोजची वेळ ठरवा, आणि ती घरातल्या कुठल्यातरी जुन्या सवयीला बांधा. गोव्यातल्या गावांत हे काम सोपं आहे, कारण तिन्हीसांजेला इगर्जीची आंजेलस या प्रार्थनेची घंटा होते. डिसेंबरात सहा-सव्वासहालाच सूर्य बुडतो, त्यामुळे घंटेच्या वेळी पुरता काळोख झालेला असतो. आमच्या शेजारच्या आंटींच्या घरी घंटा झाली की टीव्ही बंद, गप्पा बंद. मग तेर्स, म्हणजे आपली रोझरी, आणि ती संपली की लहान माणसं मोठ्यांकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागायला जातात. आंटींची थोरली मुलगी पन्नाशीला आली आहे, तीही आईसमोर जाऊन उभी राहते. ही रीत जशीच्या तशी उचलावी अशी आहे. आम्ही उचलली.

आंजेलसचं आगमनकाळाशी नातं तर थेट आहे. देवदूतानं मरियेला निरोप दिला, तिनं हो म्हटलं आणि शब्द देह झाला, एवढंच त्या प्रार्थनेत आहे. चार आठवड्यांची सगळी गोष्ट तीन वाक्यांत.

तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असाल आणि घंटा ऐकू येत नसेल तर जेवणाआधीची दहा मिनिटं धरा. जेवणानंतर नको, जेवणानंतर माणसं आडवी होतात.

आता लांबीबद्दल. पहिल्या वर्षी उत्साहात मी पाऊण तासाचा कार्यक्रम आखला होता: पूर्ण रोझरी, दोन वाचनं, स्तोत्र, लितानी, तीन गाणी. कागदावर फार देखणा दिसत होता. पाचव्या दिवशी धाकटी पाटावरच झोपली, थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं, आणि नवऱ्याचा फोन नेमका त्याच वेळी वाजायला लागला. दहाव्या दिवशी मी एकटीच म्हणत होते. तेव्हापासून आमच्याकडे बारा मिनिटं. घड्याळ लावून नव्हे, पण पंधराच्या वर कधी जात नाही. संपूर्ण रोझरीची सवय असलेल्या घरांनी ती सोडू नये, त्यांना हे सांगण्याची गरजही नाही. नव्यानं सुरू करणाऱ्यांनी मात्र इतकं लहान ठेवावं की 'आज नको' म्हणायला कुणाला कारण मिळू नये.

केळीचं खोड आणि चार मेणबत्त्या

हिरव्या चक्रात चार मेणबत्त्या लावायच्या, दर रविवारी एक वाढवायची. ही रीत आपल्या आजी-पणजीची नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाचा पाळक गरीब मुलांसाठी आश्रम चालवायचा. नाताळ कधी येणार, म्हणून मुलं रोज भंडावायची. १८३९ साली त्यानं एका लाकडी चाकावर रविवारच्या चार मोठ्या आणि बाकी दिवसांच्या छोट्या मेणबत्त्या बसवल्या. कॅथलिक घरांत ती पद्धत विसाव्या शतकात पोचली. हे सांगण्याचं कारण असं की चक्र नसलं तरी प्रार्थनेत काही उणं राहत नाही. पण घरात मुलं असतील तर ते जरूर करा. एक, दोन, तीन, चार अशी ज्योत वाढताना दिसली की वाट पाहणं डोळ्यांना कळतं.

बाजारात प्लॅस्टिकच्या पानांची तयार चक्रं मिळतात. ती घेऊ नका. दिसायला बरी, पण मेणबत्ती खाली आली की प्लॅस्टिक पेट घेतं. आमच्याकडे एका वर्षी पेटलं होतं. पडदा वाचला, टेबलक्लॉथ गेला.

त्यापेक्षा केळीचं खोड आणा. घड उतरवला की लोक ते झाड तोडूनच टाकतात, त्यामुळे शेजारी मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. हातभर लांबीचा तुकडा कोयत्यानं उभा चिरा, सपाट बाजू खाली ठेवून स्टीलच्या ताटात मांडा. पाठीवर स्क्रूड्रायव्हरनं चार भोकं पाडा, मेणबत्त्या घट्ट बसतात. खोडात पाणीच पाणी असतं, ते पेटत नाही. दोन सूचना मात्र ऐका. कापताना जुने कपडे घाला, कारण केळीच्या चिकाचा डाग कुठल्याही साबणानं जात नाही. आणि आठ-दहा दिवसांनी टोकं काळी पडली की नवा तुकडा आणा. खोडाच्या भोवती सुरूच्या बारीक फांद्या, आंब्याची पानं, कुंडीतला क्रोटन, जे असेल ते. सुरूच्या फांद्या किनाऱ्यावर पडलेल्या मिळतात, झाडाला हात लावायचं कारण नाही.

मेणबत्त्यांचे रंग: तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारी पेटवायची. त्या रविवारी फादरांचं वस्त्रही बऱ्याच ठिकाणी गुलाबी असतं, कारण तो आनंदाचा रविवार, अर्धी वाट सरली म्हणून. जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्या घ्या आणि बुडाशी, अगदी बुडाशी, रंगीत फीत बांधा. जुन्या गोव्याच्या फेस्ताला गेलात तर पांढऱ्या हव्या तितक्या मिळतील. तेही नको असेल तर दिवाळीच्या चार पणत्या माळ्यावर असतीलच. तेल घाला, वात लावा. देवाला चालतं.

पेटवताना पंखा बंद करा. गोव्यात डिसेंबरातही पंखा चालूच असतो, आणि ज्योत विझली की मुलांचं हसणं सुरू, मग प्रार्थना संपली म्हणून समजा.

जागा कुठलीही चालेल. जुन्या गोंयकार घरांत ओरातोर असतं, लाकडी कोरीव देव्हारा. आपल्या भाड्याच्या खोलीत क्रूस, बायबल आणि ताट मावेल एवढा एक कोपरा पुरे. तिथे चार्जर, चाव्या आणि विजेची बिलं साचू देऊ नका एवढंच.

बारा मिनिटांत काय काय

मोठा दिवा बंद करायचा. मेणबत्ती रोज वेगळ्या माणसानं पेटवायची, आणि पाळी कुणाची यावरून भांडण होणार हे गृहीत धरून नावं आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवायची. क्रुसाची खूण. आंजेलस, किंवा पाठ नसेल तर 'ये, प्रभू येशू, ये' एवढी प्रकटीकरणाच्या शेवटची हाक तीनदा. मग एकानं आठ-दहा ओव्या वाचायच्या. वाचणारा अडखळला तर मध्ये शब्द सांगू नका, तो स्वतःच काढतो. वाचन झालं की एक मिनिट गप्प बसायचं. पहिले दोन-तीन दिवस ते मिनिट फार लांबतं, कुणीतरी फिसकन हसतं. हसू द्या. चौथ्या दिवसापासून बाहेरचे रातकिडे ऐकू यायला लागतात.

मग विनंत्या. प्रत्येकानं एकच वाक्य, कुणासाठी तरी. इथे मोठ्यांनी स्वतःला आवरायचं. 'प्रभू, माझ्या मुलाला अभ्यासाची बुद्धी दे आणि मोबाइलपासून दूर ठेव,' ही विनंती नाही, तो डोळे मिटून दिलेला ओरडा आहे. मुलांना ते बरोबर कळतं आणि उद्यापासून ती तोंड उघडत नाहीत. मी स्वतः हे केलेलं आहे, म्हणून सांगते. स्वतःसाठी मागा, आजारी शेजाऱ्यासाठी मागा, मुलाचं मुलावर सोडा.

त्यानंतर रोझरीची एक दहाई, म्हणजे दहा मणी, किंवा नुसती प्रभूची प्रार्थना. तुम्ही प्रोटेस्टंट असाल तर दहाईच्या जागी एखादं स्तोत्र घ्या. १३० वं घेतलंत तर त्यात पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी भेटतील, या काळाला त्याहून जवळचं काही नाही. एखाद्या ओळखीच्या भजनाचं एकच कडवं. शेवटी मुलं पुढे येतात, आम्ही त्यांच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढतो, बेसांव देतो. मग फुंकर मारायची. तीही पाळीनं.

काय वाचायचं

रविवारची वाचनं इगर्जीत ऐकायला मिळतातच. कॅथलिक मिस्सेत शुभवर्तमानाचं तीन वर्षांचं चक्र असतं. आगमनकाळ २०२६ पासून मार्कचं वर्ष सुरू होतं, त्यानंतर लूक, मग मत्तय. मार्कमध्ये येशूच्या जन्माची गोष्टच नाही, म्हणून त्या वर्षीसुद्धा घरात लूकचा पहिला अध्याय काढावा लागतो. माझा सल्ला असा की घरी रविवारची वाचनं पुन्हा वाचण्याचा हट्ट धरू नका. आठवड्याला दोन-तीन उतारे घ्या आणि तेच फिरवून वाचा. मुलांना तीच गोष्ट पुन्हा ऐकायला कंटाळा येत नाही, कंटाळा मोठ्यांना येतो.

पहिल्या आठवड्यात यशयाचा दुसरा अध्याय, पहिल्या पाच ओव्या: तलवारी मोडून नांगराचे फाळ करतील तो. शिवाय नवव्या अध्यायाची सुरुवात, काळोखात चालणाऱ्यांना प्रकाश दिसतो ती. दिवा बंद करून वाचली की वेगळं समजवावं लागत नाही.

दुसऱ्या आठवड्यासाठी यशया ११. इशायाच्या, म्हणजे दाविदाच्या बापाच्या, बुंध्याला धुमारा फुटेल, असं तिथे आहे. धाकटी तेव्हा सात वर्षांची होती. म्हणाली, 'धुमारा म्हणजे धूर?' मी समजवायला गेले आणि अडकले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आंटींच्या परसात नेलं. आम्ही ज्या केळीचं खोड आणलं होतं, तिचा जमिनीलगत राहिलेला बुंधा तिथेच होता, कापलेला, वरून काळपट, मेलेला दिसणारा. आणि त्याच्या कुशीतून मातीतून वर आलेला वीतभर मुनवा, सुरळीसारखं घट्ट गुंडाळलेलं पान, टोक अगदी पोपटी. ती त्याच्याजवळ बराच वेळ उकिडवी बसली होती. घरी आल्यावर ताटातल्या खोडाला हात लावून म्हणाली, 'याचा धुमारा तिकडे आहे.' त्यानंतर त्या अध्यायावर मी कधी बोलले नाही.

तिसऱ्या आठवड्यात योहान बाप्तिस्ता, पण टोळ आणि रानमध खाणारा नव्हे. लूक ३ मध्ये लोक त्याला विचारतात, 'मग आम्ही काय करावं?' त्याचं उत्तर इतकं साधं आहे की चपापायला होतं. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्यानं एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी दमदाटी करून पैसे उकळू नयेत. आमच्याकडे या वाचनावर घरभर मोजणी झाली. थोरल्यानं कपाट उघडलं तर लग्नात आलेल्या चार चादरी अजून वेष्टनातच होत्या. 'दोन असतील तर एक, चार असतील तर किती?' त्यानं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी चादरींकडे बघत होते. शेवटी तीन गेल्या, शेजारच्या इमारतीच्या कामावर राहणाऱ्या कुटुंबांकडे. एक मी ठेवली, ती फार सुंदर होती.

चौथ्या आठवड्यात लूक १, २६व्या ओवीपासून मरियेच्या गीतापर्यंत. थोडं थोडं करून.

१७ डिसेंबर ते २३ डिसेंबर

१७ तारखेपासून चर्चच्या उपासनेची चाल बदलते, नाताळ जवळ आल्याची घाई सुरू होते. त्या दिवशी मिस्सेला मत्तयाचा पहिला अध्याय वाचतात: अब्राहामापासून येशूपर्यंतची वंशावळ, चौदा-चौदाचे तीन टप्पे. ऐकणाऱ्यांना डुलक्या लागतात. घरी मात्र हे वाचन मला सगळ्यांत आवडतं. वाचताना मुलांना सांगा, बायकांची नावं आली की टाळी वाजवायची. तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको, आणि शेवटी मरिया. पाचच टाळ्या. मग प्रत्येकानं आपली वंशावळ सांगायची, जाईल तितकी मागे.

आमच्याकडे हा खेळ पहिल्यांदा झाला तेव्हा थोरल्यानं विचारलं, 'आई, पणजीचं नाव काय?' धाकटी लगेच म्हणाली, 'पणजीचं नाव पणजीच!' गोव्यात वाढलेलं पोर, तिला पणजी म्हणजे कदंबा बसचा शेवटचा स्टॉप. हसून झाल्यावर लक्षात आलं की माझ्या वडिलांच्या आजीचं नाव मलाही ठाऊक नाही. रात्री नऊ वाजता वसईला आत्याला फोन लावला. तिनं सांगितलं. ते नाव आता आमच्या बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे.

याच सात दिवसांत चर्चच्या सायंप्रार्थनेत मरियेच्या गीताआधी सात जुन्या लॅटिन हाका म्हणतात. सगळ्या 'हे' नं सुरू होतात: १७ला हे प्रज्ञे, १८ला हे प्रभो, १९ला हे इशायाच्या मुळा, २०ला हे दाविदाच्या किल्ल्ये, २१ला हे उगवत्या प्रकाशा, २२ला हे राष्ट्रांच्या राजा, २३ला हे इम्मानुएल. लॅटिन नावांची पहिली अक्षरं शेवटाकडून उलटी वाचली की 'उद्या मी येईन' असा अर्थ निघतो. घरी रोज एक हाक पुरते, सोबत ताटाशेजारी एक वस्तू ठेवायची. २०ला घराची किल्ली. १९ला गोवा मुक्तिदिनाची सुट्टी असते, तेव्हा मुलांना परसातून एखादं मूळ शोधून आणायला लावा. २१च्या सुमारास वर्षातली सगळ्यात मोठी रात्र असते, त्या दिवशी प्रार्थना संध्याकाळी न करता पहाटे, उजाडण्याआधी करून बघा. वर्षातून एकदा जमतं.

नेमके हेच दिवस फराळाचेही. नेवऱ्या, दोदोल, कुलकुल. काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून कुलकुल वळताना हात गुंतलेले आणि तोंडं मोकळी असतात. एक दहाई तिथेच होऊन जाते. फक्त तळणाजवळ बसलेल्यानं डोळे मिटू नयेत.

नाताळची गाणी कधी लावायची, यावर आमच्या घरात वाद आहे. दुकानं नोव्हेंबरातच सुरू करतात. माझं मत ठाम आहे: घरात १६ डिसेंबरच्या आधी नाही. मिस्सेतसुद्धा आगमनकाळाच्या रविवारी 'ग्लोरिया' गात नाहीत, राखून ठेवतात. नवरा म्हणतो मी कडक आहे. असेन.

गोठा

गोठ्याचं गवत विकत आणू नका, उगवा. १४-१५ डिसेंबरला नाचणी रात्रभर भिजवा, पसरट ताटलीत बोटभर मातीवर दाट पेरा, रोज पाणी शिंपडा. घटस्थापनेला रुजवण घालतात तसंच. नाताळापर्यंत हिरवागार गालिचा तयार होतो. इथे कितीतरी घरी असंच करतात.

गोठा लवकर मांडला तरी गव्हाण रिकामी ठेवायची. बाळ २४च्या रात्रीपर्यंत कपाटात. रिकाम्या गव्हाणीत एक जुनी रीत चालवता येते. ज्यानं दिवसभरात कुणासाठी काही चांगलं केलं, त्यानं पेंढ्याची एक काडी त्यात टाकायची, बाळाला मऊ लागावं म्हणून. भातकापणी नुकतीच झालेली असते, पेंढ्याला तोटा नाही. पण एक नियम पहिल्या दिवशीच घाला: काडी कशासाठी टाकली ते सांगायचं नाही. आमच्याकडे नियम नव्हता तेव्हा 'मी आज तिला मारलं नाही, म्हणून दोन काड्या' असा हिशेब सुरू झाला होता.

अडचणी

नवऱ्याची किंवा बायकोची कामावर दुसरी शिफ्ट असेल तर वाट बघत थांबू नका, ठरल्या वेळी जे असतील त्यांनी करा. घरी उशिरा आलेल्या माणसासाठी एक मेणबत्ती तेवढी पुन्हा पेटवा. रविवारी सगळे एकत्र.

वयात आलेला मुलगा यायला कुरकुरतो. त्याला बायबल वाचायला सांगू नका, गिटार वाजवायला सांगा, किंवा काडेपेटी त्याच्या ताब्यात द्या. नुसता दारात उभा राहिला तरी टोकू नका. आमचा थोरला एक पूर्ण वर्ष दारात उभा होता.

घरात एक जण ख्रिस्ती नसेल तर त्याला मेणबत्ती पेटवायला सांगा आणि विनंतीच्या वेळी त्याच्या मनातलं त्याच्या शब्दांत म्हणू द्या. शेजारची हिंदू पोरंही डोकावतात, धाकटीची मैत्रीण तर पाळीच्या यादीत आहे. तिच्या आईनं गेल्या खेपेला चण्याची उसळ पाठवली, कुणाच्यातरी दारच्या लदिनीला, म्हणजे क्रुसापुढच्या सामूहिक प्रार्थनेला, चणे वाटतात ते तिनं पाहिलं होतं.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन वाचनं करून भरपाई करू नका. सरळ पुढे जा.

चोविसावी रात्र

रात्रीच्या मिस्सेला निघण्याआधी चारही मेणबत्त्या शेवटच्या पेटवा. लूक २, पहिल्या २० ओव्या, या वेळी घरातल्या सगळ्यात वयस्क माणसानं वाचायच्या. घरात कुणी नसेल तर फोनवर. माझी आई वसईहून वाचते, दहा मिनिटं लावते, मध्ये चष्मा पुसते. मग मेणबत्त्या विझवून घराला कुलूप.

परत आलो की सगळ्यात लहान पोर कपाटातून बाळ काढतं आणि काड्यांवर ठेवतं. झोपेत असलं तरी उठवा, ते नंतर विचारतं. मग केक. सकाळी शेजाऱ्यांकडे कोंसुआदची, म्हणजे नाताळच्या फराळाची, ताटं जायची असतात, तेव्हा रात्री फार जागू नका.

मेणबत्त्यांचे बुडखे डब्यात ठेवा, वीज गेली की कामी येतात. केळीचं खोड नाताळच्या दुसऱ्या दिवशी उचललं नाही तर चिलटं होतात. आम्ही ते आंटींच्या परसात त्याच केळीच्या बुंध्याशी नेऊन टाकतो. मुनव्याला खत होतं.